मुंबईतील दोन ध्वनिमुद्रणे आणि श्रेयाचा प्रश्न : एक आढावा

पाश्चात्त्य रॉक संगीताच्या इतिहासात मुंबईच्या ध्वनिमुद्रणगृहाचे नाव दोन प्रसंगांनी विशेषत्वाने येते. जानेवारी १९६८ मध्ये बीटल्स या चौकडीतील जॉर्ज हॅरिसन याने 'वंडरवॉल म्युझिक' या आपल्या पहिल्या स्वतंत्र तबकडीचा मोठा भाग फोर्टमधील एचएमव्हीच्या स्टुडिओत हिंदुस्थानी वादकांकडून वाजवून घेतला. पुढे १९७२ मध्ये लेड झेपेलिन या रॉक संचाचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट यांनी आपल्या दोन गाण्यांची निराळी रूपे मुंबईतील वादक घेऊन मुद्रित केली आणि ती अधिकृतपणे रसिकांच्या हाती पडण्यास २०१५ साल उजाडावे लागले. या दोन प्रसंगांभोवती गेल्या अर्धशतकात जे लेखन झाले, त्यातून एक वाद हळूहळू आकारास आला आहे. स्टुडिओच्या चार भिंतींत अनेकांच्या हातांनी घडलेल्या संगीताचे कर्तृत्व कोणाच्या नावे मांडावे, आवरणावर ज्याचे नाव मोठ्या अक्षरांत छापले त्याच्या, प्रत्यक्ष वाजविणाऱ्यांच्या, की यंत्रापाशी बसून आवाजाचा तोल सांभाळणाऱ्याच्या, हा त्या वादाचा गाभा आहे. त्याची आजची स्थिती कशी आहे, निरनिराळ्या पक्षांचे म्हणणे काय आहे आणि कोणते मुद्दे अनिर्णित राहिले आहेत, हे क्रमाने मांडण्याचा येथे हेतू आहे.

अमरावती-अकोल्याकडील वाचकाला हा विषय दूरचा वाटण्याचा संभव आहे. तसे वाटण्याचे कारण नाही. मराठी भावगीताच्या ध्वनिमुद्रिकांचा आरंभ ज्या गीतापासून सामान्यतः धरला जातो, ते 'रानारानांत गेली बाई शीळ' हे गीत मेहकरच्या ना. घ. देशपांडे यांचे, म्हणजे वऱ्हाडच्या मातीतले आहे. ते गाऊन घरोघरी पोहोचविणारे गो. ना. ऊर्फ जी. एन. जोशी हे पुढे १९३८ पासून एचएमव्हीच्या मुंबई शाखेत ध्वनिमुद्रणाचे अधिकारी म्हणून राहिले आणि तीन दशकांहून अधिक काळ देशातील अनेक थोर गायक-वादकांचा आवाज त्यांच्या देखरेखीखाली मेणावर आणि पुढे फितीवर उतरला. अमरावतीत जन्मलेल्या सुरेश भटांच्या गझला ज्या मार्गाने महाराष्ट्रभर गेल्या, तो मार्गही मुंबईच्या स्टुडिओतूनच गेलेला आहे. भटांच्या गझलेवर प्रेम करणारा अमरावतीचा रसिक कवीचे, संगीतकाराचे आणि गायिकेचे अशी तीन नावे क्षणाचाही विलंब न लावता सांगतो. परंतु त्याच गाण्यातील मधल्या जागेत वाजलेली बासरी कोणाची, व्हायोलिनांची मांडणी कोणी लिहिली, ध्वनिमुद्रक कोण होता, असे विचारले तर तो निरुत्तर होतो. हॅरिसनच्या तबकडीविषयीचा वाद हा याच मौनाविषयीचा वाद आहे. फरक एवढाच की तेथे शोध घेणारे अधिक आणि साधनेही अधिक.

पूर्वपीठिका

हिंदुस्थानात ग्रामोफोन कंपनीचे (एचएमव्ही ही तिचीच छाप) पहिले ध्वनिमुद्रण फ्रेड गेसबर्गने १९०२ साली कलकत्त्यास केले आणि १९०८ मध्ये त्याच शहरी तबकड्यांचा कारखाना निघाला. कंपनीचे मुख्य दफ्तर कलकत्त्यास असल्यामुळे यंत्रसामग्रीच्या बाबतीत मुंबई शाखेला बराच काळ दुय्यम स्थान राहिले, ही गोष्ट पुढे १९६८ च्या हकिकतीत महत्त्वाची ठरते. मुंबईचे सामर्थ्य यंत्रांत नव्हते, ते तिच्या वादकवर्गात होते. बोलपटांच्या उद्योगाने या शहरात दोन प्रवाह एकत्र आणले होते. एक, गोव्याच्या चर्चशाळांतून पाश्चात्त्य स्वरलेखन शिकून आलेले ख्रिस्ती वादक, जे कागदावरची खूण पाहून क्षणात वाजवीत. दुसरा, घराण्यांच्या तालमीत वाढलेले हिंदुस्थानी वादक, जे कागदाकडे न पाहता ऐकलेले धरीत आणि धरलेले फुलवीत. या दोहोंमधला सेतू म्हणजे वाद्यमेळ लिहिणारा संयोजक. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा यांच्यासारख्या गोमंतकीयांनी हिंदी चित्रपटात आणि अनिल मोहिले यांच्यासारख्यांनी मराठी गीतांत हे काम ज्या कौशल्याने केले, त्याचा गौरव अलीकडेच होऊ लागला आहे. ग्रेगरी बूथ यांचा मुंबईच्या चित्रपट-वादकांवरील ग्रंथ २००८ मध्ये आणि नरेश फर्नांडिस यांचा मुंबईच्या जाझवरील ग्रंथ त्यानंतर काही वर्षांनी प्रसिद्ध झाला; तोपर्यंत या वर्गाचा सलग इतिहास कोणी लिहिलेला नव्हता.

या वादकांची व्यवस्था अशी असे. बोलावणे येई, ठरलेल्या वेळी स्टुडिओत हजर व्हावयाचे, संयोजक सांगेल ते बसवावयाचे, गायकासह संपूर्ण मेळ एकाच दमात वाजवावयाचा, कोणाचा एक स्वरही चुकला तर सर्वांनी पहिल्यापासून सुरू करावयाचे, आणि 'टेक' मान्य झाला म्हणजे बिदागी घेऊन दुसऱ्या स्टुडिओकडे निघावयाचे. तबकडीवर त्यांचे नाव छापण्याचा रिवाज नव्हता. तो नव्हता म्हणून कोणी विशेष तक्रारही केली नाही, कारण पोटापाण्याचा हिशेब बिदागीवर मिटत होता. परंतु बिदागीच्या खातेवहीत ज्याची नोंद एका ओळीपुरती झाली, त्याची नोंद संगीताच्या इतिहासात मुळीच झाली नाही, हा या व्यवस्थेचा परिणाम आहे.

लंडनमध्येही चित्र फार निराळे नव्हते. 'रिव्हॉल्व्हर' या १९६६ च्या तबकडीवरील हॅरिसनच्या 'लव्ह यू टू' या गाण्यात अनिल भागवत यांनी तबला वाजविला आणि त्यांचे नाव आवरणावर आवर्जून छापले गेले. पण त्याच गाण्यातील इतर हिंदुस्थानी वादकांची नावे नाहीत. पुढल्या वर्षीच्या 'सार्जंट पेपर' मधील 'विदिन यू विदाउट यू' या गाण्यात लंडनच्या एशियन म्युझिक सर्कलचे वादक होते, आणि तेथे तर एकाचेही नाव आले नाही. अमृत गज्जर, नटवर सोनी, बुद्धदेव कंसारा, अ‍ॅना जोशी ही नावे संशोधकांच्या खटपटीने अनेक दशकांनंतर पुढे आली. जगात सर्वाधिक ऐकल्या गेलेल्या तबकड्यांपैकी एकीवर दिलरुबा वाजविणाऱ्या माणसाचे नाव त्या तबकडीच्या कोट्यवधी खरेदीदारांना एवढा काळ कळू नये, ही गोष्ट प्रस्तुत लेखकास खेदाची वाटते.

जानेवारी १९६८ : फोर्टमधील बैठकी

हॅरिसन मुंबईला नवखा नव्हता. सप्टेंबर १९६६ मध्ये तो पंडित रविशंकरांकडे सतार शिकण्यासाठी येथे येऊन गेला होता आणि रविशंकरांचे शिष्य शंभू दास यांच्याशी त्याचा परिचय तेव्हाचाच. जो मासॉट या दिग्दर्शकाने 'वंडरवॉल' या आपल्या चित्रपटाचे संगीत त्याच्यावर सोपविले, तेव्हा त्याने चित्रपट पाहता पाहता साध्या किल्लीच्या घड्याळाने प्रत्येक प्रसंगाची लांबी मोजली, ती टिपून घेतली आणि त्या मापाने संगीताचे तुकडे घडवावयाचे ठरविले. पाश्चात्त्य धर्तीचे तुकडे लंडनच्या अ‍ॅबी रोड स्टुडिओत नोव्हेंबर १९६७ पासून मुद्रित होऊ लागले. हिंदुस्थानी तुकड्यांसाठी जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात तो मुंबईस आला. वादक जमविण्याच्या कामात शंभू दासांचा मोठा वाटा होता.

एचएमव्हीच्या मुंबई स्टुडिओत त्या वेळी केवळ एकमार्गी ध्वनिमुद्रणाची सोय होती. ग्रामोफोन कंपनीचे भारतातील प्रमुख भास्कर मेनन यांनी हॅरिसनसाठी दुमार्गी स्टीरिओ यंत्र कलकत्त्याहून आगगाडीने मुंबईस आणले. ते यंत्र अ‍ॅबी रोडवर वापरले जाई त्याच जातीचे, अवजड होते. हॅरिसननेच पुढे मुलाखतींत याची कृतज्ञतेने नोंद केली आहे. स्टुडिओची खोली बाहेरच्या आवाजापासून पुरती सुरक्षित नव्हती, खालच्या रस्त्यावरची रहदारी आत ऐकू येई, आणि दफ्तरे सुटून गर्दी वाढली की काम थांबवावे लागे. ध्वनिमुद्रक म्हणून जे. पी. सेन आणि एस. एन. गुप्ता यांची नावे तबकडीवर आहेत, आणि येथे क्षणभर थांबणे आवश्यक आहे. लंडनमध्ये चार मार्गांच्या फितीवर एकेक वाद्य स्वतंत्र मुद्रित करून नंतर त्यांचा मेळ घालण्याची सोय होती. मुंबईत दोनच मार्ग. म्हणजे सरोद किती पुढे, संतूर किती मागे, पखवाजाची थाप किती खोल, हे सगळे वाजत असतानाच, मायक्रोफोन कोठे ठेवला आणि कळ किती फिरविली यावर कायमचे ठरून जाई. सेन आणि गुप्ता यांनी त्या दिवशी जो निर्णय घेतला तोच आज आपण ऐकतो. त्यात नंतर फेरफार करण्यास फारसा वाव राहिला नाही.

वादकांची फेरिस्त पाहिली म्हणजे त्या दिवसांच्या मुंबईची श्रीमंती ध्यानात येते. सरोदावर अलाउद्दीन खाँसाहेबांचे नातू आणि अली अकबर खाँसाहेबांचे चिरंजीव आशिष खान, तबला आणि पखवाजावर महापुरुष मिश्र, संतूरवर शिवकुमार शर्मा, सतारीवर शंभू दास आणि इंद्रनील भट्टाचार्य, सुरबहारावर चंद्रशेखर नारिंगरेकर, बासरीवर एस. आर. केंकरे; शहनाईवर शरद आणि हनुमान जाधव; हार्मोनियम आणि तबलातरंगावर रिजराम देसाद; आणि तारशहनाईवर विनायक व्होरा. या शेवटच्या वाद्याविषयी सविस्तर सांगितले पाहिजे, कारण 'क्राइंग' या तुकड्याचा सारा करुण रस त्यावर उभा आहे. तारशहनाई म्हणजे इसराजच. मात्र त्याच्या तारांचा कंप एका पातळ पडद्यावर नेऊन धातूच्या छोट्या कर्ण्यातून बाहेर काढलेला असतो, जसा जुन्या ग्रामोफोनच्या सुईपाशी असे तसा. त्यामुळे गजाने वाजणाऱ्या तंतुवाद्यातून शहनाईचा नासिक्य, फुंकरीचा आवाज येतो. ग्रामोफोनच्याच तत्त्वावर आवाज फेकणारे हे वाद्य ग्रामोफोन कंपनीच्या स्टुडिओत वाजले, आणि त्याचा स्वर एरवी गिटारीच्या सुरांना सरावलेल्या लाखो कानांपर्यंत गेला.

याच बैठकींत, १२ जानेवारीस, हॅरिसनने चित्रपटाशी संबंध नसलेली एक चालही मुद्रित केली. केंब्रिजला संस्कृत शिकविणारे हुआन मास्कारो यांनी सुचविल्यावरून ताओ तत्त्वज्ञानातील वचनांवर त्याने गीत रचले होते. त्याची वाद्यांची बाजू मुंबईस झाली आणि गायन फेब्रुवारीत लंडनमध्ये चढविले गेले. 'द इनर लाइट' हे ते गाणे मार्च १९६८ मध्ये 'लेडी मॅडोना'च्या दुसऱ्या बाजूवर निघाले. बीटल्सच्या एकेरी तबकडीवर स्थान मिळालेली हॅरिसनची ही पहिली रचना, आणि तिच्यातील प्रत्येक वाद्य फोर्टमध्ये वाजलेले. 'वंडरवॉल म्युझिक' ही एकोणीस तुकड्यांची तबकडी १ नोव्हेंबर १९६८ रोजी इंग्लंडात प्रसिद्ध झाली. बीटल्सपैकी कोणाचीही ही पहिलीच स्वतंत्र तबकडी होती. आवरणावर हिंदुस्थानी वादकांची नावे वाद्यांसह छापलेली होती. रोमन लिपीतील वर्णलेखन डळमळीत आहे, नारिंगरेकरांचे आडनाव गळून नुसते 'चंद्रशेखर' राहिले आहे, हे खरे. पण ज्या काळी मुंबईच्या चित्रपटगीतांच्या तबकडीवर एकाही वादकाचे नाव येत नसे, त्या काळी ही फेरिस्त छापली गेली, याचे श्रेय हॅरिसनला मोकळ्या मनाने दिले पाहिजे.

दुसरा दाखला : १९७२

पेज आणि प्लांट यांच्या प्रसंगाविषयी सांगण्यासारखे थोडे आहे, आणि तेच त्याचे वैशिष्ट्य. १९७० च्या तबकडीतील 'फ्रेंड्स' आणि १९७१ च्या तबकडीतील 'फोर स्टिक्स' ही दोन गाणी त्यांनी मुंबईतील तंतुवादक, तबलावादक आणि बासरीवादकांसह मुद्रित केली. फिल्म्स डिव्हिजनमध्ये दीर्घकाळ काम केलेले बासरीवादक आणि संगीतकार विजय राघव राव यांनी मेळ बसविण्यास साहाय्य केल्याचे अनेक वृत्तांतांत येते. 'फोर स्टिक्स'ची लय पाच आणि सहा मात्रांच्या गटांत आलटून पालटून चालते. झपताल, दादरा यांसारख्या ठेक्यांत मुरलेल्या वादकाला पाच किंवा सहा मात्रांचे भय नसते, परंतु समेचे बंधन न मानता एका गटातून दुसऱ्यात जाणारी ही चाल त्याला अपरिचित असते, आणि त्या ध्वनिमुद्रणात ही ओढाताण कान देऊन ऐकणाऱ्याला जाणवते. फिती चार दशकांहून अधिक काळ पडून राहिल्या, चोरट्या प्रती फिरत राहिल्या, आणि २०१५ मध्ये 'कोडा' या तबकडीच्या वाढीव आवृत्तीत त्या अधिकृतपणे आल्या. तेव्हा वादकांचा उल्लेख झाला तो 'बॉम्बे ऑर्केस्ट्रा' एवढाच. हॅरिसनने १९६८ मध्ये जे केले होते, त्याच्या हे एक पाऊल मागे होते.

मुंबईतील स्थानिक रॉक वादकांचा या प्रसंगांशी संबंध किती, हा विषय वेगळा आहे. सिमला बीट स्पर्धेच्या १९७० आणि १९७१ मधील तबकड्या, नंदू भेंडे यांच्यासारख्या मराठी घरातून आलेल्या रॉक गायकाची वाटचाल, पुढे १९८० च्या दशकातील रॉक मशीन हा संच, या सर्वांनी त्याच शहरात काम केले. परंतु श्रेयाच्या वादात त्यांचा थेट भाग नसल्यामुळे येथे केवळ निर्देश करून पुढे जाऊ.

मतमतांतरे

पहिला पक्ष रचनाकाराचा. त्याचे प्रतिपादन असे की, 'वंडरवॉल म्युझिक' ही अखेर एका माणसाच्या दृष्टीतून घडलेली कृती आहे. कोणता प्रसंग किती सेकंदांचा, तेथे शहनाई हवी की सुरबहार, हिंदुस्थानी तुकड्यानंतर लगेच लंडनचा गिटारीचा तुकडा लावून कोणता विरोध साधावयाचा, हे सर्व हॅरिसनने ठरविले. त्याने वादकांना चाली गाऊन किंवा वाजवून दाखविल्या, आणि नको ते काढून टाकले. चित्रपटसंगीताच्या जगात सर्वत्र हाच दंडक आहे. एखाद्या हिंदी चित्रपटातील सतारीचा तुकडा कोणीही वाजविलेला असो, संगीत नौशादांचे किंवा मदनमोहनांचेच म्हणावयाचे, हे आपणही मानतो. मग हॅरिसनलाच वेगळा न्याय का, असा या पक्षाचा सवाल आहे, आणि तो सहज उडवून लावण्याजोगा नाही.

दुसरा पक्ष वादकांचा. त्याच्या मते, वरील दंडक ठरीव चालींना लागू पडतो. रागसंगीताला पडत नाही. या तबकडीवर 'गत किरवाणी' या नावाचा तुकडा आहे. किरवाणी हा दक्षिणेतून उत्तरेत रुजलेला राग. आशिष खानांच्या घराण्यात त्याची तालीम होती. सरोदावर गत मांडून तबल्याच्या साथीत तिचा विस्तार करणे म्हणजे हिंदुस्थानी संगीताच्या व्यवहारात स्वतःच रचना करणे होय. येथे वादन आणि रचना या दोन क्रिया वेगळ्या काढता येत नाहीत. तथापि तबकडीवरील सर्व तुकड्यांची रचना जॉर्ज हॅरिसन याच्याच नावे नोंदलेली आहे. रचनाकाराचे मानधन त्या नोंदीवरून ठरते. म्हणून हा केवळ मानाचा प्रश्न राहत नाही, हक्काचाही होतो. या पक्षाचे म्हणणे प्रस्तुत लेखकास वजनदार वाटते. मात्र ते एकोणीस तुकड्यांना सरसकट लागू करणे चूक होईल. ज्या तुकड्यांत हॅरिसनची चाल स्पष्ट ओळखू येते, तेथे पहिल्या पक्षाचेच म्हणणे ग्राह्य. जेथे राग मांडला गेला आहे, तेथे दुसऱ्याचे.

तिसरा पक्ष ध्वनिमुद्रक आणि संयोजकांचा. तो संख्येने लहान आहे, परंतु रेकॉर्डिंगच्या इतिहासाचा अभ्यास जसा वाढतो आहे तसा त्याचा आवाज मोठा होत आहे. स्टुडिओतील संगीत हे मैफिलीचे छायाचित्र नसून स्वतंत्र वस्तू आहे, आणि ती घडविणाऱ्यांत यंत्रापाशी बसलेल्यांचा समान वाटा आहे, असे तो मानतो. सेन आणि गुप्ता यांच्या कामाविषयी वर जे लिहिले त्यावरून या म्हणण्यातील तथ्य लक्षात यावे. आपल्याकडे याला जवळचे उदाहरण १९६७ च्या 'कॉल ऑफ द व्हॅली' या तबकडीचे. शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया आणि ब्रिजभूषण काब्रा यांनी रागांतून एका मेंढपाळाचा दिवस रंगविला. तिची निर्मिती एचएमव्हीचे जी. एन. जोशी यांची. तिघा वादकांची नावे आज जगभर ठाऊक आहेत. जोशींचे नाव घेतले जाते ते क्वचित, आणि ज्या वऱ्हाडी कवीच्या शब्दांनी त्यांना प्रथम कीर्ती दिली त्या वऱ्हाडातही त्यांच्या या दुसऱ्या कर्तृत्वाची ओळख फारशी नाही.

याखेरीज एक व्यापक वाद आहे : अशा बैठकी म्हणजे दोन संस्कृतींचे आदानप्रदान, की बलवानाने दुर्बलाच्या भांडारातून उचललेली सामग्री? डेव्हिड रेक यांच्यासारख्या संगीतवेत्त्यांनी बीटल्सच्या आशियाई प्रभावांकडे सहानुभूतीने पाहिले. जेरी फॅरेल यांनी १९९७ च्या ग्रंथात हा सारा प्रसंग पाश्चात्त्य जगाच्या हिंदुस्थानी संगीताशी असलेल्या दीर्घ, वसाहतकालीन संबंधाच्या पटावर ठेवून तपासला. पीटर लावेझोली यांनी २००६ मध्ये वादकांच्या मुलाखतींसह तो पुन्हा मांडला. वादकांच्या आठवणींत हॅरिसनविषयी कटुता आढळत नाही, उलट त्याच्या नम्रतेचा उल्लेख वारंवार येतो, ही गोष्ट पहिल्या बाजूला बळ देते. दुसरी बाजू म्हणते की सौजन्य आणि न्याय या भिन्न गोष्टी आहेत, आणि एखादा यजमान सुस्वभावी असला म्हणून करारनामा आपोआप न्याय्य होत नाही. दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असू शकतात.

एक चौथे मतही नोंदविले पाहिजे, कारण ते आपल्याकडे वारंवार ऐकू येते. आपल्या परंपरेत कलावंताने नाव मागू नये, कला ही सेवा आहे, मेळात मिसळून जाणे हेच साधकाचे भूषण, असे ते मत. मोझरीच्या गुरुकुंजातील सामुदायिक प्रार्थनेत शेकडो कंठ मिसळतात आणि कोणाचे नाव निघत नाही, असा दाखला त्यासाठी देता येईल. पण त्याच गुरुकुंजातले भजन ऐकावे : अखेरच्या कडव्यात राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची नाममुद्रा येतेच. ज्ञानोबा-तुकोबांपासून ही रीत अखंड चालत आली आहे. म्हणजे आपल्या परंपरेने कर्त्याची नोंद टाळलेली नाही. ती रचनेच्या पोटातच बसविली आहे. शिवाय जेथे पैसा आणि मालकी एका नावे जमा होते, तेथे उरलेल्यांकडून अनामिकतेची अपेक्षा करणे योग्य नव्हे.

कायद्याची बाजू

भारताचा स्वामित्वहक्काचा कायदा १९५७ चा. त्यात रचनाकाराला आणि ध्वनिमुद्रणाच्या निर्मात्याला हक्क होते. वादनाच्या कर्त्याला कलावंत म्हणून स्वतंत्र हक्क प्रथम १९९४ च्या दुरुस्तीने मिळाला. २०१२ च्या दुरुस्तीने आणखी पुढे जाऊन, व्यापारी उपयोगातील मानधनाचा वाटा आणि आपल्या सादरीकरणाशी आपले नाव जोडले जाण्याचा हक्क, या दोन्ही गोष्टी कलावंतास दिल्या. त्यानंतर २०१३ मध्ये गायकांची हक्कसंस्था स्थापन झाली आणि तिने वसुलीचे कामही सुरू केले. वादकांच्या बाबतीत मात्र तितकी प्रगती झालेली दिसत नाही. गायकाचा आवाज कोणीही ओळखतो; शंभर व्हायोलिनांतील एक व्हायोलिन ओळखविण्यास कागदाचा पुरावा लागतो. १९६८ किंवा १९७२ च्या वादनाला या दुरुस्त्यांचा लाभ कितपत मिळतो, याविषयी कायदेपंडितांत एकवाक्यता नाही. हक्क नंतर निर्माण झाला, मात्र त्या वादनाची विक्री आजही चालू आहे, आणि 'वंडरवॉल म्युझिक' तर २०१४ मध्ये नव्याने ध्वनिसंस्कार करून, पूर्वी अप्रकाशित तुकड्यांसह पुन्हा बाजारात आली.

अनिर्णित मुद्दे

तपशिलाच्या पातळीवर सर्वांत प्रसिद्ध वाद 'द इनर लाइट' मधील बासरीचा. बहुसंख्य लेखनात ती हरिप्रसाद चौरसिया यांची असल्याचे नमूद असते. परंतु 'वंडरवॉल म्युझिक'च्या आवरणावरील फेरिस्तीत चौरसियांचे नाव नाही, बासरीसमोर केंकरे यांचे आहे; आणि 'द इनर लाइट'च्या एकेरी तबकडीवर एकाही वादकाचे नाव नव्हते. एकाच आठवड्यात, एकाच स्टुडिओत दोघेही येऊन गेले असणे सहज शक्य आहे. केंकरे यांच्याविषयी मराठीत फारसे लिहिले गेलेले नसल्यामुळे प्रसिद्ध नावाकडे पारडे झुकले असावे, अशी शंका घेण्यास जागा राहते. १९७२ च्या ध्वनिमुद्रणाचा महिनाही असाच वादग्रस्त आहे. काही वृत्तांत तो मार्च मानतात, काही ऑक्टोबर.

हे वाद मिटत नाहीत याचे कारण मतभेदांत कमी आणि दस्तऐवजांच्या अभावात अधिक आहे. अ‍ॅबी रोड स्टुडिओत प्रत्येक बैठकीचा कागद ठेवला जाई : तारीख, वेळ, फितीचा क्रमांक, कितवा टेक, कोणते वाद्य. मार्क लुईसन यांनी १९८८ मध्ये बीटल्सच्या ध्वनिमुद्रणांचा जो ग्रंथ सिद्ध केला, तो त्या कागदांच्या आधारावर. म्हणून लंडनमधील एखाद्या दुपारी कोणी डफली वाजविली हेही आज सांगता येते. मुंबईच्या बैठकींविषयी तितका तपशीलवार दफ्तरखाना संशोधकांपुढे आलेला नाही. सारा भार आठवणींवर पडतो, आणि आठवणी सांगणारे एकेक करून जात आहेत : शिवकुमार शर्मा मे २०२२ मध्ये गेले, आशिष खान नोव्हेंबर २०२४ मध्ये. जी. एन. जोशी यांनी 'स्वरगंगेच्या तीरी' या आत्मकथनात एचएमव्हीतील गायक-वादकांच्या आठवणी लिहून ठेवल्या म्हणून तेवढा भाग वाचला. ध्वनिमुद्रकांपैकी आणि मेळातील वादकांपैकी तसे लिहिणारे विरळा.

प्रस्तुत लेखकाच्या मते, श्रेयाच्या तात्त्विक चर्चेला पुढे जावयाचे असेल तर तिला प्रथम कोणी काय वाजविले आणि कोणी मुद्रित केले याची फेरिस्त हवी. 'गत किरवाणी'ची रचना कोणाच्या नावे असावी, हा प्रश्न न्यायनिष्ठ चर्चेचा आहे आणि त्यावर प्रामाणिक मतभेद राहतील. बासरी कोणाची, हा मात्र वस्तुस्थितीचा प्रश्न आहे आणि त्याला एकच उत्तर असू शकते. कंपनीच्या जुन्या फितींच्या डब्यांवरील चिठ्ठ्या, बिदागीच्या पावत्या, वादकसंघाच्या नोंदवह्या, वादकांच्या घरी उरलेल्या दैनंदिन्या, यांपैकी जे शिल्लक असेल ते एकत्र करण्याचे काम कोणत्याही एका संशोधकाच्या आवाक्यातले नाही. ते संस्थेचे काम आहे. मराठी भावगीत आणि गझल यांच्या बाबतीत तेच काम विदर्भापुरते संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाच्या कक्षेतील संगीत विभागांना हाती घेता येईल. ना. घ. देशपांडे आणि सुरेश भट यांच्या रचनांच्या उपलब्ध ध्वनिमुद्रिका घेऊन, प्रत्येकीपुढे संयोजक, ध्वनिमुद्रक आणि वादक यांची नावे, पुरावा असेल तेथे पुराव्यासह आणि तर्क असेल तेथे तर्क म्हणून, मांडता येतील. त्या काळी मुंबईच्या मेळांत वाजविलेले जे वृद्ध वादक आज हयात आहेत त्यांची साक्ष त्याच वेळी घेतली जावी.